बोंडूची बिअर विकायची म्हणता? आधी कायदा समजून घ्या, मग छोटा परवाना मागूया



काजूचा हंगाम सुरू झाला की बागेत येणारी तरुण पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. "काकानु, बोंडूची बिअर घरी करून विकली तर चलात काय?" मोबाईलवर व्हिडिओ बघितलेले असतात, यीस्टची पुडी कुरिअरने मागवता येते हे कळलेलं असतं, घरात निळे ड्रम असतात आणि झाडाखाली बोंडूचा सडा असतो. मग डोक्यात कल्पना येणारच. पोरांचं चुकत नाही.

उत्तर आधीच देतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर, वाइन, दारू काहीही करून विकता येत नाही. एक बाटलीसुद्धा नाही. ओळखीच्या माणसाला विकली तरी नाही, आणि "विकली नाही, नुसती केली" म्हटलं तरी सुटका नाही. पण हे उत्तर देऊन माझं समाधान होत नाही. कायदा पाळायचाच, त्यात वाद नाही. मात्र हा कायदा लहान शेतकऱ्यासाठी जसा आहे तसाच राहावा का, यावर मला बोलायचं आहे. त्यासाठी आधी माल, मग कायदा, मग माझं मत, अशा क्रमाने जाऊ.

माल किती आहे?

माझी पाच एकर कलमं आहेत, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७. साधारण चारशे झाडं. चांगल्या वर्षी सरासरी झाडाला पाच किलो बी धरा, म्हणजे दोन टन बी. बोंडूचं वजन बीच्या पाच ते दहा पट भरतं. सहा पट धरलं तरी बारा टन बोंडू झाला. त्यातून सात-आठ हजार लिटर रस निघू शकतो. हा सगळा माल मार्च ते मे या अडीच-तीन महिन्यांत पडतो आणि पडला की दुसऱ्या दिवशी आंबतो. आमच्याकडे बी वेचून घेतात आणि बोंडू तिथेच टाकतात. काही गुरांना, काही खड्ड्यात. गोव्याच्या बाजूने कधी टेम्पो आला तर किलोला दोन-तीन रुपये मिळतात, नाही आला तर तेही नाही.

ज्या फळात क जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट असतं, ते फळ आपण माशांना सोडून देतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या प्रत्येक काजू बागायतदाराची हीच गोष्ट आहे. विदर्भातल्या मंडळींनी बोंडूच्या जागी मोहफूल वाचावं, नाशिककडच्यांनी पावसात तडकलेली द्राक्षं वाचावीत. हिशेब फारसा वेगळा निघणार नाही.

ड्रममध्ये काय होतं?

बिअर आणि फेणी यांत पोरं गल्लत करतात, म्हणून हे थोडं सांगतो. कृषी पदवीधर वाचकांना हे माहीत आहे, त्यांनी पुढे गेलं तरी चालेल.

बोंडूच्या रसात साखर साधारण दहा-बारा ब्रिक्स असते. यीस्ट ती साखर खातं आणि मद्यार्क तयार करतं. ढोबळ हिशेब असा की जेवढे ब्रिक्स त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त टक्के मद्यार्क. म्हणजे नुसता रस आंबवला की पाच-सहा टक्के, बिअरच्या जवळपास. खरी बिअर बार्लीच्या माल्टपासून आणि हॉप्स घालून करतात, त्यामुळे बोंडूच्या पेयाला बिअर म्हणणं शास्त्राला धरून नाही. पोरं म्हणतात म्हणून मीही म्हणतो. साखर घालून रस वीस-बावीस ब्रिक्सवर नेला तर अकरा-बारा टक्क्यांची वाइन होते. तुरटपणा घालवायला केरळमध्ये साबुदाण्याची पेज घालून रस निवळतात.

इथपर्यंत काम आंबवण्याचं आहे. यापुढे भट्टी लावून वाफ गाळली की हुर्राक, पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि पुन्हा गाळली की फेणी, चाळीसच्या वर. आंबवणं आणि गाळणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींचे धोके वेगळे आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे माझ्या मागणीत तो लागणार आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी कायदा. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. नाव नीट वाचा. हा दारू विक्रीचा कायदा नाही, दारूबंदीचा कायदा आहे. म्हणजे सुरुवात "सगळं बंद" इथून होते आणि परवान्यात बसेल तेवढंच उघडतं.

कलम १२ सांगतं की मद्य तयार करणं, भट्टी किंवा ब्रुअरी चालवणं, मद्य आणणं-नेणं, जवळ ठेवणं, विकणं आणि विकत घेणंही बंद. कलम १३ आणखी पुढे जातं. विक्रीसाठी बाटल्या भरणं बंद, आणि मद्य करण्यासाठी लागणारं साहित्य, भांडी, उपकरणं जवळ बाळगणंसुद्धा बंद. मद्याची व्याख्या इतकी रुंद आहे की ज्या कुठल्या द्रवात मद्यार्क आहे तो सगळा त्यात येतो. कलम ११ मात्र दार उघडतं. परवाना, पास, परमिट घेऊन आणि त्याच्या अटी पाळून हे सगळं करता येतं.

म्हणून "घरच्यापुरती करतो" हा बचाव इथे चालत नाही. पेपरात "कलम ६५ ई खाली गुन्हा" अशी बातमी रोज असते ती याच कायद्याची. त्यात कैद आहे, दंड आहे, माल जप्त होतो, माल नेणारी गाडीही जप्त होऊ शकते. पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क खातं, दोघांनाही कारवाई करता येते. बावीस वर्षांच्या पोराने दोनशे लिटरच्या ड्रमापायी गुन्हा नावावर घेतला तर पुढे सरकारी नोकरी, पासपोर्ट, चारित्र्याचा दाखला, सगळीकडे तो कागद आडवा येतो. माडाची माडी काढायची तर झाड छेदायलाही परवाना लागतो, हे कोकणातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. बोंडूच्या रसाला वेगळा न्याय कसा असेल?

काही जण विचारतात, प्रत्येक राज्यात कायदा वेगळा का? कारण घटनेने मद्य हा विषय राज्यांच्या यादीत ठेवला आहे. पिण्याच्या मद्यावर जीएसटीसुद्धा नाही, कर राज्यच लावतं. आणि घटनेचं ४७ वं कलम राज्याला सांगतं की औषधासाठी सोडून मादक पेयं बंद करण्याचा प्रयत्न करा. सुप्रीम कोर्टानेही १९९४ साली सांगून ठेवलं आहे की मद्याचा धंदा हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. तेव्हा "माझं शेत, माझं फळ, मी काहीही करीन" हा मुद्दा कोर्टात टिकत नाही. मागायचं ते हक्क म्हणून नाही, धोरण म्हणून मागावं लागेल.

रीतसर करायचं तर काय काय लागतं?

समजा एखाद्याने ठरवलं की सगळं कायद्याने करायचं. त्याला ढोबळ मानाने पुढची वाट चालावी लागते.

१. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा उत्पादन परवाना. बिअर आणि वाइनसाठी १९६६ चे महाराष्ट्राचे बिअर आणि वाइन उत्पादन नियम आहेत. देशी दारूसाठी १९७३ चे नियम वेगळे. जागेचा नकाशा, यंत्रांची माहिती, टाक्यांची मापं, नोंदवह्या, सगळं त्यात येतं.

२. विक्रीचा परवाना वेगळा. माल केला म्हणून आपल्या ओसरीवर विकता येतो असं नाही. उत्पादक, ठोक आणि किरकोळ, प्रत्येक पायरीचे परवाने निराळे.

३. वाहतुकीचा पास. एका ठिकाणचा माल दुसरीकडे न्यायचा तर कागद सोबत हवा.

४. अन्नसुरक्षेचा परवाना. मद्याची केंद्रीय मानकं २०१८ ची आहेत आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. अर्ध्या टक्क्याच्या वर मद्यार्क असलेलं पेय या मानकांत मद्य ठरतं. बिअर पाच टक्क्यांपर्यंत साधी, त्यापुढे आठपर्यंत स्ट्राँग.

५. लेबल. मद्यार्काचं प्रमाण आणि "मद्यपान आरोग्यास हानिकारक" हा इशारा ठळक हवाच. पोरांना लेबलवर "क जीवनसत्त्वाने भरपूर" असं छापायचं असतं. ते चालत नाही. मद्याच्या लेबलवर आरोग्याचा दावा करता येत नाही, पोषणमूल्याचा तक्ताही छापता येत नाही.

६. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. आंबवण्याचं सांडपाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. ही अट मला शंभर टक्के मान्य आहे.

७. जागेचे कागद: बिगरशेती, बांधकाम, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला.

८. गिऱ्हाईकाचं वय. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षं, कडक मद्याला २५.

९. जिल्हा. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे हा विषयच नाही. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली.

शहरातल्या हॉटेलांना जोडून छोट्या ब्रुअरी आहेत, पुण्यात २००९ पासून. तिथे ताजी बिअर तिथेच प्यायला देतात. छोटी म्हणायची, पण त्यात गुंतवणूक कोटीच्या भाषेत चालते. बागेतल्या मांगरात बसवायची ती वस्तू नाही.

माझं मत

वरच्या यादीतली एकेक अट सुटी घेतली तर चुकीची नाही. सगळ्या एकत्र ठेवल्या की दिसतं, ही यादी कारखान्याच्या मापाने शिवलेली आहे. ज्याच्याकडे सीए आहे, वकील आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या मारायला माणूस आहे, त्याला ही यादी म्हणजे सहा महिन्यांचं काम. ज्याचा हंगाम अडीच महिन्यांचा आणि माल आठ हजार लिटर, त्याला ही यादी म्हणजे भिंत.

साखर कारखान्याला लागणारे सगळे नियम उद्या गुऱ्हाळाला लावले तर काय होईल? गूळ संपेल आणि ऊस मुकाट कारखान्याला जाईल. बोंडूचं तेच झालं आहे. फरक एवढाच की आमच्याकडे कारखानाही नाही, त्यामुळे माल मातीत जातो.

आता माझ्या बागेतून गाडीने अर्ध्या तासावर काय आहे ते बघा. हद्द ओलांडली की गोवा. तीच जांभ्याची जमीन, तीच झाडं, तोच बोंडू. तिथे हंगामाआधी अबकारी खातं काजूच्या झोनची पावणी करतं, भट्टीवाल्याला परवाना देतं, कर घेतं. बोंडू मळायची कोळंबी, निरो, हुर्राक, फेणी हे सगळं उघड्यावर आणि हिशेबात चालतं. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ साली गोव्याने कायद्यात बदल करून फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. म्हणजे जे काम तिकडे वारसा, तेच काम इकडे गुन्हा. आणि तिकडची बाटली परमिटशिवाय इकडे आणली तर इन्सुलीच्या नाक्यावर पकडतात, हेही विसरू नका. "गोव्यातली आहे, कायदेशीर आहे" हे नाक्यावर चालत नाही.

गोव्याचा इतिहास वेगळा, पोर्तुगीज अमलापासूनचा, असं कुणी म्हणेल. मग इतर राज्यं बघा. मेघालयाने २०२० साली घरगुती फळांच्या वाइनला मान्यता द्यायचं ठरवलं. केरळने २०२२ साली फळांपासून वाइन करणाऱ्या लहान युनिटसाठी वेगळे नियम काढले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून जागा दिली आणि आलिराजपूर, दिंडोरीत आदिवासी बचत गटांच्या हातात ते काम दिलं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. लहान माणसासाठी वेगळी पायरी केली.

आपल्या राज्याला हे जमत नाही असं नाही. २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, उत्पादन शुल्कात सूट मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले आणि नाशिकचं नाव झालं. २०२१ साली मोहफुलं गोळा करणं, साठवणं, विकणं यावरची जुनी बंधनं सैल केली, ते चांगलं झालं. २०२२ साली काजू बोंडू आणि मोहापासूनच्या मद्याला देशीच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घालायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. बाटलीची प्रतिष्ठा वाढली, पण बाटली भरणारा लहान बागायतदार त्या निर्णयाने आत आला नाही. वर्ग बदलला तरी यादी तीच राहिली. आणि जून २०२५ मध्ये तर धान्यापासूनच्या मद्यासाठी "महाराष्ट्र मेड लिकर" असा अख्खा नवा वर्ग सरकारने तयार केला, १८० मिलीची किमान किंमत १४८ रुपये ठरवून दिली. महसुलासाठी एका बैठकीत नवा वर्ग होऊ शकतो, तर बोंडूसाठी एक छोटा परवाना का होऊ नये?

दुसरी बाजू

आता जे मला ओळखतात ते म्हणतील, तू माळकरी घरातला, आणि दारूचा परवाना मागतोस? बरोबर आहे. मी पीत नाही. आमच्या वाडीत दारूने बसलेली घरं मी मोजू शकतो. जमीन गेली, बाईच्या अंगावरचं सोनं गेलं, पोराची शाळा सुटली. दारूविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बायकांशी माझं भांडण नाही. उलट त्यांचं म्हणणं या परवान्याच्या आत असलं पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

२७ जानेवारी २०२२ ला मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय झाला तेव्हा काय झालं ते आठवा. हजार चौरस फुटांच्या वरची दुकानं, शेतकऱ्याचं नाव पुढे. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारला लोकांच्या हरकती मागवाव्या लागल्या आणि विषय थांबला. माझ्या मते तो राग फुकटचा नव्हता. शेतकऱ्याचं नाव घेऊन विक्रीची जागा वाढवत होते. मी जे मागतो आहे ते विक्रीच्या जागा वाढवणं नाही. करणाऱ्याची पायरी लहान करणं आहे. गावात एकही नवीन दुकान न उघडता हे होऊ शकतं.

दुसरा आक्षेप जिवाचा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. मिथेनॉल होतं त्यात. असल्या घटना होतात तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी कारखान्याचं विषारी अल्कोहोल मिसळलेलं असतं, कारण ते स्वस्त पडतं आणि चोरट्या मालाला कुणी तपासत नाही. फळाच्या रसात आंबवताना मिथेनॉल अगदी थोडं तयार होतं, पण भट्टीवर पहिली धार वेगळी न काढता गाळलं तर धोका वाढतो. म्हणून तपासणी हवी आणि म्हणूनच मी गाळण्याची परवानगी मागत नाही. चोरून होणाऱ्या कामाला प्रयोगशाळा नसते. उजेडात आणलेल्या कामाला ती लावता येते.

मग मागायचं काय?

माझी मागणी मोजकी आहे. कृषी खात्यातल्या, विद्यापीठातल्या मंडळींनी यावर टीका करावी.

एक, परवाना फक्त आंबवलेल्या पेयाचा, बारा-तेरा टक्क्यांपर्यंत. भट्टी नाही, गाळणं नाही.

दोन, परवाना हंगामी, मार्च ते जून. सातबाऱ्यावर काजूची नोंद असेल त्यालाच, किंवा अशा बागायतदारांच्या गटाला, बचत गटाला, शेतकरी कंपनीला. फळ स्वतःचं किंवा गावातलं. बाहेरून मळी किंवा तयार स्पिरिट आणलं की परवाना कायमचा रद्द.

तीन, लिटरची कमाल मर्यादा. एका गटाला हंगामाला समजा दहा हजार लिटर. आकडा तज्ज्ञांनी ठरवावा, पण मर्यादा हवी, नाहीतर लहान परवान्याच्या आडून मोठे घुसतील.

चार, प्रत्येक टाकीची तपासणी. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, दापोलीला विद्यापीठ आहे. तिथे मद्यार्क, मिथेनॉल, आम्लता बघायची सोय करावी आणि त्याची माफक फी घ्यावी. दाखल्याशिवाय बाटली सील होणार नाही.

पाच, किरकोळ विक्री गावात नाही. माल परवानाधारक दुकानाला, हॉटेलला, पर्यटन केंद्राला. घरातून सुटा माल विकला तर परवाना जाईल.

सहा, बायकांचा हात वर. दारू दुकानासाठी आज नियम आहे: गावातल्या २५ टक्के महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली की मतदान, आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. हाच नियम या परवान्यालाही लावा. गावाला नको असेल तर नको. पाच एकराच्या बागेपेक्षा गाव मोठं आहे.

सात, अर्ज एकाच खिडकीवर. उत्पादन शुल्क, अन्नसुरक्षा, प्रदूषण, यांच्या अटी लहान मापाला बसतील अशा एकत्र लिहाव्यात. सांडपाण्यासाठी शोषखड्डा आणि चोथ्याचं कंपोस्ट एवढं तपासलं तरी आठ-दहा हजार लिटरला पुरेसं होईल असं मला वाटतं. पर्यावरणाच्या जाणकारांनी चूक असेल तर दुरुस्त करावं.

या हंगामात काय करता येईल?

परवाना येईल तेव्हा येईल. तोवर पोरांना माझं सांगणं असं. ड्रम भरू नका. "करून बघतो, चाललं तर परवाना काढू" हा क्रम उलटा आहे, कारण इथे करून बघणं हाच गुन्हा आहे. यीस्ट आणि एअरलॉक मागवून घरात ठेवू नका, कलम १३ आठवा.

बोंडूचा न आंबवलेला रस, सरबत, सिरप, जॅम, कँडी हे सगळं अन्नसुरक्षेची नोंदणी करून विकता येतं. रस काढल्यावर तासाभराच्या आत गरम करून भरायचा, नाहीतर बाटलीतच आंबतो आणि अर्ध्या टक्क्याची रेषा ओलांडतो. बोंडू झाडावरून हाताने काढलेला हवा. पडलेला, फुटलेला सरबताला घेऊ नका. चोथा वाळवून गुरांच्या आंबोणात थोडा थोडा घालता येतो, उरलेल्याचं गांडूळखत. यात वाइनइतका पैसा नाही हे मलाही कळतं, पण रात्री झोप लागते.

आणि एक काम सगळ्यांनी करा. येत्या हंगामात आपल्या बागेत किती बोंडू पडला ते मोजा. रोज नको, आठवड्यातून एका दिवशी चार झाडांचा बोंडू वजन करून वहीत लिहा. बीचं वजन आपण सगळे लिहितो, बोंडूचं कुणी लिहीत नाही. वीस गावांतल्या शंभर बागांचे असे आकडे हातात असतील तर ग्रामसभेचा ठराव वजनदार होईल, आमदारापुढे ठेवायला कागद होईल आणि विद्यापीठालाही उपयोग होईल. नुसतं "बोंडू वाया जातो हो" म्हणून मंत्रालयात कुणी मान वर करून बघत नाही.

ज्यांना ही मागणीच चुकीची वाटते त्यांनीही लिहा, विशेषतः गावात दारूबंदीचं काम करणाऱ्या बहिणींनी. तुम्हाला कुठली अट कमी वाटते, कुठली पळवाट दिसते, ते सांगा. तुमचा आक्षेप आत घेऊन जो मसुदा होईल तोच टिकेल.

वही आणि ताणकाटा तयार ठेवा. पहिली बोंडं पिवळी व्हायला लागली आहेत.